अर्थ लागत नाही

प्रिय टिल्ल्या,

हे पत्र तू वाचतो आहेस म्हणजे गाडी मुक्कामाला पोचली, टँकरमामा तुला भेटले आणि तू धडधाकट आहेस. मला लिहिताना यातलं काहीच माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की आत्ता सकाळचे सव्वाअकरा वाजलेत, तू सात वाजता अकरा मुलं घेऊन शाळेतून निघाला आहेस, आणि गाडीचा हीटर चालू आहे. मामांचा टँकर भरायला दोन वाजणार, तुझ्यापर्यंत पोचायला सहा. त्यांच्याकडे दोन गोष्टी देणार आहे, एक चिठ्ठी आणि हे पाकीट. आधी चिठ्ठी. चिठ्ठीतलं केल्याशिवाय पत्राची पुढची ओळ वाचलीस तर तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. मामांकडूनही फोनवर सगळं तीनदा म्हणवून घेतलं. चौथ्यांदा म्हणाले, बाई, मी डिझेल वाहतो, आग म्हणजे काय ते मला शिकवू नका.

चिठ्ठी मामांच्या खिशातच राहिली तर म्हणून इथेही लिहिते. हीटरच्या पंख्याचं, ब्लोअरचं बटण शून्यावर आण. किल्ली काढ. मुलांना खाली उतरव. स्टिअरिंगखाली फ्यूजची पेटी आहे, तिच्या दुसऱ्या ओळीतला तिसरा, हिरवा. तो उपट. त्याच्या जागी काहीही घालू नकोस, कुणी कितीही शहाणपण शिकवलं तरी. मग तुझ्या शेजारच्या सीटसमोरचा कप्पा खोलून आत हात घाल आणि ब्लोअरच्या मोटरला जाणारा प्लग चाचपून बघ. गरम लागला, मऊ पडलेला असला, तपकिरी झालेला दिसला, तर बॅटरीचं काळं टोकही सोडव, आणि उद्या ती गाडी खिंडीवर चढवायची नाही. मुलं ब्लँकेटं पांघरून बसतील, कुडकुडतील, तुला शिव्या देतील. देऊ देत.

हिरवा म्हणजे तीस अँपिअरचा. तिथे पिवळा हवा, विसाचा. हे मी तुला सांगावं म्हणजे माझ्याच थोबाडीत मारून घेण्यासारखं आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्या वायरिंगच्या दुकानात त्या गिऱ्हाइकाच्या गाडीत तू पंधराच्या जागी तीसचा घातलास, सीटखालून धूर निघाला, सीटकव्हर जळलं, आणि मी चार माणसांदेखत तुला काय म्हणाले ते तुला शब्द न् शब्द पाठ असेल. ज्याला फ्यूज कळत नाही त्यानं नुसती गाडी चालवावी, दुरुस्तीच्या फंदात पडू नये. तू हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवलास, हात पुसलेस आणि खरंच गाडी चालवायला निघून गेलास. तेव्हापासून आपण बोललो नाही. आता ऐक. आज तुझ्या गाडीत विसाच्या जागी तीसचा आहे आणि ती गाडी माझ्या हातून बाहेर गेली आहे. हसायचं असेल तर खुशाल हस. तू कुठेतरी बसून हसतो आहेस एवढं नुसतं कळलं तरी मला पुरे.

काय झालं ते सोमवारपासून सांगते. गाडी घेऊन तू आला नाहीस, शाळेच्या माळीकाकांना पाठवलंस. ते गाडीतून उतरले तेव्हा दुसऱ्या दारातून तू उतरतोस की काय म्हणून मी बघत राहिले होते, हे आता लपवून काय करू. काका म्हणाले, ब्लोअर मनात आलं तर चालतो, नाहीतर नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासानं फ्यूज उडतो. मी पुढे एका ट्रकच्या दिव्यांमध्ये अडकले होते, म्हणून बाबांनी गाडी मागच्या शेडमध्ये घेतली. बाबा सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. मला कारण माहीत होतं, निदान तसं मला वाटत होतं. रविवारी आमची जुंपली होती. त्यांच्या हातून मीटर पडला, काच फुटली, आणि मी तोंडाला येईल ते बोलले. म्हणाले, आता घरी बसा, तुमचं वय झालं, मला दोन-दोन माणसांची कामं निस्तरायची नाहीत. सोमवारी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला तर त्यांनी त्याला हातही लावला नाही. मी मनात म्हटलं, झालं, बसले रुसून.

आपल्या घराला हे नवीन नाही. कुणाच्या घरात नाक वारशानं येतं, आपल्याकडे अबोला येतो. आधी बोलेल तो हरला, हा आपला कायदा. आठवतं, बाबा आणि तू एकदा नऊ दिवस बोलला नव्हता, आणि दोघं एकाच गाडीखाली झोपून काम करत होता? आई मध्ये उभी राहून निरोप पोचवायची. बाबांना सांग पाना सोडा, तुझ्या लेकाला सांग पाय काढ. गिऱ्हाइकाला वाटलं, दोघं बहिरे आहेत. आई गेल्यावर निरोप पोचवणारंच कुणी उरलं नाही, आणि आपण तिघं अबोल्यात पार पटाईत झालो. मी तर असं समजून चालले होते की आपल्या घरात माणूस गप्प असलं म्हणजे रुसलंय, याला दुसरं कारणच असू शकत नाही.

तर सोमवारी दुपारी, बाराच्या सुमाराला, बाबा शेडमधून आले आणि त्यांनी कामाची वही माझ्यापुढे सरकवली. तोंडानं काही नाही. वहीत बोट ठेवून दाखवलं. तिथे तीनच शब्द लिहिलेले. अर्थ लागत नाही.

तू आणि मी हे तीन शब्द एकाच तऱ्हेनं वाचणार. दुसरीत की तिसरीत असताना बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, पुढील शब्दांचे अर्थ सांगा, आणि तू सगळ्या शब्दांपुढे 'काळी वायर' लिहून आला होतास. बाई वही घेऊन दुकानात आल्या. बाबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग त्यांनी बाईंना समजावलं की बाई, आमच्यात बॅटरीची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात त्याला अर्थ म्हणतात, आणि तो नीट लागला नाही तर दिवा मंद जळतो, हॉर्न घोगरा वाजतो, ब्लोअर कधी फिरतो कधी नाही. पोरगं चुकलेलं नाही, फक्त दुकानात बसून अभ्यास करतं. बाईंनी तुला अर्धा मार्क वाढवून दिला होता.

म्हणून मी वाचलं ते असं की ब्लोअरचा अर्थ लागत नाही. कधी चालतो कधी नाही, हे लक्षणही जुळत होतं. मी शेडमध्ये गेले, कप्प्याच्या मागचा बोल्ट बघितला, तर खरंच गंजलेला. घासून काढला, नवी जाड वायर टाकली, पत्र्याला आवळली. चारही नंबरवर ब्लोअर असा काही सुटला की डॅशबोर्डवरची धूळ माझ्या तोंडावर आली. फार बरं वाटलं. बाबा शेडच्या दाराशी स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होते. त्यांनी हात जरासा वर उचलला. मला वाटलं, म्हणतायत, जमलं तुला, जा आता. मी काही बोलले नाही. आधी मी का बोलू? चार वाजता माळीकाकांच्या हातात किल्ली दिली. फ्यूज बघितला नाही. टिल्ल्या, मी फ्यूज बघितला नाही. इतक्या वर्षांत एकही गाडी मी फ्यूज बघितल्याशिवाय सोडलेली नाही, आणि ज्या गाडीत तू आणि अकरा मुलं बसणार होता तीच सोडली, कारण तो बघायला मला रुसलेल्या म्हाताऱ्याला ओलांडून ड्रायव्हरच्या बाजूला जावं लागलं असतं.

आता तुला जे मी सोमवारीच कळवायला हवं होतं ते सांगते. सहा वाजता मी शटर ओढायला गेले तर बाबा स्टुलाच्या बाजूला खाली पडलेले होते. मी हे पत्र दुकानातून लिहीत नाहीये. दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाबांच्या खोलीच्या दाराशी बाकावर बसलेय, आणि हा कागद त्याच कामाच्या वहीचा आहे, म्हणून त्याला ग्रीस लागलंय. बाबांच्या मेंदूतला रक्तपुरवठा अडला. उजवा हात, उजवा पाय हलत नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलंय. जिवाचा धोका टळला असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्या रात्री मी तुला दोनदा फोन केला. तू उचलला नाहीस. मला वाटलं, नाव दिसतंय आणि मुद्दाम उचलत नाहीये. तिसऱ्यांदा केला नाही. निरोपही ठेवला नाही, आणि काल माळीकाका बाबांना बघायला आले तेव्हा त्यांनाही बजावलं, टिल्ल्याला सांगू नका. तुझे वडील इथे खाटेवर पडलेत आणि तीन दिवस मी तुला कळवलं नाही, कारण मला राग आला होता. तू नसशीलही पाहिला फोन. गाडी चालवत असशील, मुलांना जेवू घालत असशील. हे आज सुचतंय.

पहिले दोन दिवस बाबा गुंगीतच होते. काल दुपारपासून डोळे उघडे आहेत, ओळखतात, हात धरतात. बोलायला जातात तर तेते, तेते एवढंच येतं, आणि मग स्वतःवरच चिडून डोळे मिटतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांना बरंचसं समजतंय, पण त्यांच्या बोलण्याचा अर्थ आपल्याला लागणार नाही, धीर धरा. हे वाक्य त्या सहज म्हणाल्या. मला मात्र ऐकताना कसंतरी झालं, आणि का ते कळलं नाही.

आज सकाळी त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी इकडचं तिकडचं सांगत होते. म्हटलं, काल माळीकाका येऊन बघून गेले, तुम्ही झोपला होतात. टिल्ल्या आज मुलांना घेऊन निघाला, उद्या खिंड ओलांडणार, वर बर्फ आहे म्हणतात, पण आपला ब्लोअर झकास चालतोय. मी शाबासकीच मागत होते म्हण ना. बाबांचा चेहरा असा झाला की मी खुर्ची मागे सारून उठले. तेते, तेते, तेते. डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर दाबायचे आणि हवेत वर ओढायचे. पुन्हा दाबायचे, पुन्हा ओढायचे. मी पांघरूण काढलं, तर मान जोरात हलवली. पाणी दिलं, ते सांडलं. विडी सोडून वीस वर्षं झाली तरी मी विचारलं की विडी हवी का. शेजारच्या खाटेवरची आजी म्हणाली, अगं, त्यांना चिमूटभर मीठ हवंय बहुतेक. बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी त्यांनी माझ्या स्वेटरचं बटण चिमटीत धरलं आणि खच्चून ओढलं. बटण तुटून हातात आलं. ते तुटलेलं बटण माझ्या नाकासमोर धरून बसले.

फ्यूज असाच उपटतात. दोन बोटांच्या चिमटीत धरून सरळ वर. मी खाली वाकले. खाटेखाली त्यांच्या सोमवारच्या कपड्यांची पिशवी तीन दिवस पडून होती, नर्सनं दिली तशीच. शर्टाच्या खिशात हात घातला तर आतून पिवळा फ्यूज निघाला, विसाचा, अख्खा, न जळलेला. आणि लाल दोरा.

दोरा बघून तुला पुढचं सांगायला नको, तरी सांगते, म्हणजे माझी तरी खात्री होईल की मी बरोबर समजले आहे. मोटर किती करंट ओढते ते बघायला बाबा दोन मिनिटांसाठी मोठा फ्यूज घालतात, वायरवर हात ठेवून उभे राहतात, आणि त्या फ्यूजला लाल दोरा बांधून तो पेटीबाहेर लोंबता ठेवतात. दोरा दिसला की गाडी सोडायची नाही. आपण चालायला लागलो तेव्हापासून हे बघतोय. सोमवारी त्यांनी तीसचा घातला, विसाचा खिशात ठेवला, आणि दोरा पेटीबाहेर लोंबायच्या ऐवजी खिशातच राहिला. तुझ्या गाडीत दोष अर्थाचा होताच, पण खरा दोष मोटरचा आहे. तिची बेअरिंग कोरडी पडली असणार, जड फिरते, हवा त्याहून जास्त करंट ओढते. गंजलेल्या बोल्टमुळे तो करंट अडकत तरी होता. मी नवी वायर टाकून त्याला राजरस्ता करून दिला. आता फ्यूज उडणार नाही, तीसचा आहे. मग तापणार काय? वायर आणि प्लग. बाबा म्हणायचे ना, फ्यूज उडाला की गिऱ्हाईक फ्यूजला शिव्या देतं, अरे बाबा, तो उडाला म्हणून तू घरी पोचलास.

साडेबारा झाले. मी मघापासून काय काय केलं ते सांगते, नाहीतर तुला वाटेल मी नुसती पत्र लिहीत बसलेय. तुला नऊ वेळा फोन केला, माझ्या, नर्सच्या, दवाखान्याच्या फोनवरून, सगळीकडे तू रेंजबाहेर. मुक्कामाच्या विश्रामगृहात फोन वाजतोय, उचलत कुणी नाही, चौकीदार चारला येतो म्हणे. शाळेत केला तर कारकून भेटला. त्याला म्हटलं, ड्रायव्हरचा काही फोन आला तर निरोप द्या. त्यानं लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं, हीटरचा फ्यूज छोटा आहे, ताबडतोब मोठा घालावा. मी व्हरांड्यात अशी किंचाळले की दोन खोल्यांतून माणसं बाहेर आली. त्याला परत सांगितलं, परत वाचायला लावलं, आता बरोबर लिहिलंय म्हणतो, पण माझा विश्वास उडालाय. लिहिलेल्यावरचाच उडालाय. म्हणून टँकरमामा. मी स्वतःच निघाले असते, पण आता बाबा मला फार वेळ नजरेआड होऊ देत नाहीत. जरा लांब गेले की तेते सुरू होतं.

मला भीती वाटतेय रे. तुला माहीत आहे, मी भ्यायले की ओरडते, आणि सगळे म्हणतात हिला राग आला. आज ओरडायलाही कुणी नाही. माळीकाका काल म्हणाले होते की सगळ्यात धाकट्या मुलीला गाडी लागते म्हणून टिल्ल्या तिला पुढे आपल्या शेजारी बसवतो. तो प्लग तिच्या गुडघ्यांसमोर आहे. काचा बंद असणार, थंडी आहे. प्लास्टिक जळल्याचा वास मागच्या मुलांना आधी येणार नाही, तिला येईल, आणि तिला मळमळतंय म्हणून कुणी लक्ष देणार नाही. मी डोळे मिटले की मला तो कप्पा दिसतो, आणि आत मी स्वतःच्या हातानं आवळलेली नवी कोरी वायर. इतकं सुबक काम केलंय मी. टेपसुद्धा एकसारखी गुंडाळलीय. मग मी स्वतःची समजूत घालते की चढ उद्या आहे, आज खालचा रस्ता, तू ब्लोअर दोनवरच ठेवला असशील, तुला घाम लवकर येतो. कधी नव्हे ते तुझ्या घामावर भिस्त ठेवून बसलेय.

आता एक वाजलाय. बाबांना डुलकी लागली आहे, लाल दोरा डाव्या मुठीत घट्ट धरलाय. त्यांच्या मुठीत देण्याआधी तो मी नीट बघितला. त्याला तीन-चार अर्धवट गाठी आहेत. गाठ मारायला घेतली आणि जमली नाही, परत घेतली आणि जमली नाही, अशा. अंधारात डोळे मिटून वायरिंगचा गुंता सोडवणारा माणूस. मघाशी डॉक्टरीणबाई कागद भरायला आल्या होत्या. विचारलं, सोमवारी ते शेवटचं नीट कधी बोलले? मी म्हटलं, सहाला पडले. त्या म्हणाल्या, पडले कधी ते नको, बोलले कधी? मी म्हटलं, सोमवारी ते बोललेच नाहीत, रुसले होते. त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं.  मग हळूच म्हणाल्या, या दुखण्यात पहिले तीन-चार तास फार मोलाचे असतात.

त्या गेल्यावर मी वहीचं सोमवारचं पान उघडलं. आतापर्यंत मी ते गाडीसाठी उघडत होते. तुझ्या गाडीची ओळ वर आहे, तिच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. ते तीन शब्द तिथे नाहीतच. ते खाली कोऱ्या जागेत आहेत, तिरके, उतारावरून घसरल्यासारखे. आधी 'अथ' लिहिलंय, ते खोडलंय. मग पुन्हा 'अथ', तेही खोडलंय. मग कसाबसा रफार देऊन 'अर्थ'. पेन इतकं दाबलंय की मागच्या पानावर उमटलंय. बाबा वायरबद्दल लिहीत नव्हते, टिल्ल्या. ब्लोअरबद्दलही नव्हते. त्यांना मीटरवरचे आकडे समजत नव्हते, दोऱ्याची गाठ मारता येत नव्हती, तोंडातून शब्द येत नव्हते, आणि ते मला सांगायला आले होते की पोरी, मला कशाचाच अर्थ लागत नाही. होते नव्हते तेवढे तीन शब्द गोळा करून आले होते. आणि मी वही वाचली, पाना उचलला आणि बोल्ट घासायला गेले. मग सहा तास मी त्यांच्यासमोर होते. त्यांनी हात उचलला तोही मी बघितला.

चिठ्ठी पुरेशी होती, फ्यूज उपटायला पत्र लागत नाही. पत्र यासाठी लिहिलं की हे मी कुणाला तरी सांगितलं नाही तर माझं डोकं फुटेल, आणि आपल्या घरचा अबोला काय चीज आहे हे कळणारं जगात आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. पाकिटात तो पिवळा फ्यूज घातलाय, बाबांच्या खिशातला. तो लावू नकोस, नुसता जवळ ठेव आणि घेऊन ये, बाबांच्या हातात तूच दे. गाडी सुरक्षित आहे हे माझ्या तोंडून त्यांना खरं वाटणार नाही. मुलांना विश्रामगृहाच्या माणसाकडे दे, शाळेला दुसरी गाडी पाठवायला सांग आणि मामांबरोबर परत ये. पण त्याच्याही आधी चौकीदाराच्या फोनवरून दवाखान्यात फोन कर. माझ्याशी बोलायचं नसेल तर नुसता खाकर, तुझं खाकरणं मी ओळखते. शिवी दे. मी सात वाजेपर्यंत फोनपाशी उभी राहीन. नाही आला, तर तू रुसलास असं मी या वेळी धरणार नाही. शेजारच्या काकू बाबांजवळ बसायला तयार आहेत, आठला तुझ्या रस्त्यानं एक ट्रक निघतो, मी त्यात बसून येईन. यापुढे या घरातलं कुणीही गप्प बसलं तर मी आधी त्याची नाडी बघेन, रुसव्याचं नंतर बघू. फाटकाशी टँकरचा हॉर्न वाजला. घोगरा वाजतोय.

तुझीच,
आधी बोललेली, म्हणजे हरलेली,
ताई